खिळ्यावरची कात्री

भाई, सणसरहून तुमच्यासाठी एक निरोप आणलाय. तो देणारच आहे, पण शेवटी. त्याआधी माझं भांडण ऐकून घ्यावं लागेल.

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. बारा दिवस मी स्टुडिओच्या पायरीवर बसून लोकांच्या तोंडून तुमचं कौतुक ऐकतेय. हुसेनभाई म्हणजे देवमाणूस. हुसेनभाई म्हणजे गरीब गाय. गाय! ज्या माणसानं आठ वर्षं माझं एकही म्हणणं पहिल्या झटक्यात मान्य केलं नाही, तो म्हणे गाय. गेलेल्या माणसाला उणं बोलू नये, असा नियम आहे. मला वाटतं, जिवंतपणी समोर बोलायचा ज्यांना धीर झाला नाही त्यांनीच तो केला असावा. मी तुमच्या तोंडावर बोललेली आहे. आता तुम्ही कऱ्हेकाठच्या मातीत जाऊन निजलात म्हणून मी एकदम साखर पेरायला लागले, तर तुम्हीच म्हणाल, बाईला आज बरं दिसत नाही.

हा कागद उद्या कुणा परक्याच्या हाती पडला तर त्याला काही कळायला हवं, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंच थोडं सांगते. मी सुमन. ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा पास झालेली, नवरा कालव्याच्या कचेरीत कारकून. तुमचा बारामतीत फोटोचा स्टुडिओ. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं काम करायला, गिऱ्हाइकाच्या तोंडावरचे देवीचे वण बुजवायला, डोळ्यांखालची काळोखी उजळायला तुम्हाला एक हात हवा होता. सगळ्यांना वाटलं, शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांना घ्याल. तुम्ही मला घेतलंत. गावात कुजबुज सुरू झाली तेव्हा मीच म्हटलं, माझं टेबल आत, अंधारखोलीपाशी लावा. तुम्ही ते उचललंत आणि थेट रस्त्याकडच्या खिडकीत आणून ठेवलंत. "आत बसला तर लोक म्हनतील काय तरी लपवलंय. हितं बसा. बघू द्या, बघून बघून दमतील." दमले. महिन्याभरात दमले. त्याबद्दल तुमचे आभार मी कधी मानले नव्हते, ते आज मानते. भांडण तरीही आहेच.

स्टुडिओत पडद्याचे फोटो निघायचे. रंगवलेला पडदा, त्यावर तळं, पायऱ्या आणि दोन हंस. पुढं नक्षीची खुर्ची, आणि मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू. लोक लग्नातले कपडे घालून यायचे आणि फाशी द्यायला आणल्यासारखे बसायचे. त्यावर तुमचं आणि माझं घर चालत होतं. पण तुमचा जीव अडकला होता बाजाराच्या फोटोंत. इंदापूरच्या बाजारच्या दिवशी पहिल्या मोटारीनं निघायचात, गळ्यात तो दोन भिंगांचा कॅमेरा. त्यात वरून, खाली मान घालून बघावं लागायचं, आणि तुम्ही तर तो आडवाच धरायचात. तुमचं तोंड वांगीवाल्याकडं, कॅमेऱ्याचं तोंड उजव्या हाताला बसलेल्या म्हातारीकडं. "वांगी कशी दिली?" म्हणता म्हणता खटका दाबायचा. तो आवाज भावाच्या घासाघिशीत बुडून जायचा. मग मनाला लागायचं म्हणून पावशेर वांगी घ्यायचात. संध्याकाळी पिशवीतली वांगी बघून मला कळायचं, आज किती फोटो झाले ते. भाभींनी त्या वांग्यांचं काय काय केलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

कॅमेरा मात्र तुम्ही कधी लपवला नाहीत. पिशवीला भोक पाडून आत कॅमेरा ठेवायची युक्ती तुम्हाला कुणीतरी शिकवली होती. तुम्ही म्हणालात, "नजर चोरतो तेवढी बास झाली. पेटी न्हाय चोरायची." जेवणारा, रडणारा आणि अंघोळ करणारा माणूस घ्यायचा नाही, हाही तुमचाच दंडक. अंघोळीचं मला कळत होतं. बाकी दोन का, असं विचारलं तर म्हणालात, "जेवताना आन् रडताना बी मानूस उघडाच आसतो, बाई." ह्या एका बाबतीत मी तुमच्याशी वाद घातला नाही.

आपला वाद होता तो एवढाच, की आधी विचारायचं का नाही. मी म्हणायची, विचारा. तुम्ही म्हणायचात, "इचारलं की मानूस जातो आन् फोटू ऱ्हातो." मी म्हणायची, शेजारच्या परड्यातला दोडका न विचारता तोडला तर त्याला चोरीच म्हणतात, नंतर नेऊन दाखवला तरी. त्यावर तुमचं तयार, "दोडका तोडला की येलावर ऱ्हात न्हाय. मानसाचं तोंड मानसापाशीच ऱ्हातंय की." मी म्हणायची, मग तुम्ही काय घेऊन येता? तुम्ही पेन्सिलीला टोक करत बसायचात. माझी पेन्सिल, माझे पॉलिश कागदाचे तुकडे, आणि उत्तर नसलं की ते तुमच्या हातात.

शेवटी तोड निघाली ती कात्रीवर. शिंप्याची जुनी, काळ्या मुठीची मोठी कात्री तुम्ही दाराशेजारच्या खिळ्याला टांगलीत. ठरलं असं: फोटो न सांगता घ्यायचा, पण पहिली कॉपी त्या माणसाला नेऊन दाखवायची. तो हो म्हणाला तरच दर्शनी काचेच्या कपाटात लावायचा. नको म्हणाला तर कॉपी त्याला देऊन टाकायची आणि निगेटिव्ह त्याच्या देखत कापायची. म्हणूनच बाजाराच्या रोलातला एकेक चौकोन तुम्ही सुटा करून ठेवायचात, एकाचं नको दुसऱ्याला भोवू नये म्हणून.

पळसदेवचा नावाडी आठवतो? भीमेच्या काठी, देवळाच्या सावलीत जाळं शिवत बसला होता आणि तुम्ही त्याला बाजूनं टिपलं होतं. कॉपी घेऊन आपण दोघं गेलो. त्यानं ती उन्हात धरली, लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाला, "ह्यो मी न्हाय. ह्यो माझा बा हाय."

"आवो तुमीच. त्ये बघा की जाळं तुमचं," तुम्ही म्हणालात.

"जाळं माझं हाय. मानूस बा हाय. बा जाऊन धा वर्सं झाली, तुमी कवा गाठला त्याला?"

त्यानं आरशात आपलं तोंड पाहिलं असेल ते समोरून. बाजूनं आपण कसे दिसतो हे त्याला कोण सांगणार? बायकोनं बाहेर येऊन फोटो पाहिला, "तुमीच हायसा" म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं पटलं. मग त्यानं तो फोटो मांडीवर ठेवला. "मंजी बा अजून हाय म्हनायचा," म्हणाला. परतीच्या मोटारीत तुम्ही मिशीत हसत होता, आणि मला राग आला होता, कारण विचारून घेतला असता तर तो समोर बघून ताठ बसला असता आणि त्याचा बाप काही त्याला सापडला नसता. त्या दिवशी मी हरले, कबूल आहे. एका दिवसापुरती.

आता हिराबाई. चार वर्षं झाली त्याला. इंदापूरच्या मोटार स्टँडवर मेथीच्या रिकाम्या पाटीवर हात टेकून, मान मागं टाकून ती हसत होती. पदर खांद्यावर आलेला, डोळे मिटलेले, पुढचा एक दात पडलेला. त्या निगेटिव्हवर मी पेन्सिल टेकवली नाही. टेकवायला जागाच नव्हती. माझ्या हातून गेलेल्या सगळ्या तोंडांत असं एकदाच झालं. तुम्ही ती कॉपी हायपोच्या द्रावणातून काढलीत, पाण्यात धुतलीत आणि वाळेपर्यंत तिच्यासमोर उभे राहिलात.

आणि तिथंच आपण चुकलो. दोघंही. मी स्वतःला त्यातून सोडवून घेत नाही. ती सणसरची, म्हणून आपण सणसरला गेलो, आणि कॉपी दाखवली कुणाला? तिच्या सासऱ्याला, तात्यांना. बाईमाणसाचा फोटो, तर घरातल्या कर्त्याला विचारायचं. ह्या मुलखात असंच करतात, आणि आधी विचारा, आधी विचारा म्हणून तुमचं डोकं खाणाऱ्या मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. तात्या ओसरीवर बसले होते. हिराबाई आत भाकरी थापत होती, तो आवाज मला येत होता. तात्यांनी फोटो पाहिला आणि खूश झाले. "बारामतीत लावनार? लावा की. आमच्या घराचं नाव हुईल." आपण चहा पिऊन उठलो. तो चहाही तिनंच केला असणार.

तीन आठवड्यांनी ती एकटी आली. आधी रस्त्यात उभी राहून कपाटातल्या स्वतःकडं बघत राहिली. मग पायरी चढली.

"ह्यो लावायला कुनाला इचारलं?"

"तुमच्या मामंजींना," तुम्ही म्हणालात. "त्यांनीच तर..."

"हसलं कोन? मी का मामंजी?"

भाई, तुमच्या त्या दुकानात किती लोक किती काय बोलून गेले असतील. असं कुणी बोललं नव्हतं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, मी माझ्या टेबलाच्या काचेखालच्या, निगेटिव्हवर उजेड पाडणाऱ्या आरशाकडं पाहिलं. मग तिनंच सांगितलं. गावचा एक जण बारामतीला आला, कपाट बघून गेला आणि पारावर चारचौघांत बोलला, तात्या, तुमची सून कुनाकडं बघून हसतीया? "मामंजींनी घरी येऊन मला इचारलं. म्या न्हाय सांगितलं. कशापायी सांगू? तवाधरनं माझा बाजार बंद हाय. आज दवाखान्याचं निमित्त काढून आलीया." ज्या माणसानं कौतुकानं हो म्हटलं, त्यानंच तिला घरात बसवलं होतं.

तुम्ही कपाट उघडून फोटो तिच्या हातात दिलात. आत गेलात, निगेटिव्हचा चौकोन घेऊन आलात, खिळ्यावरची कात्री काढलीत आणि तिच्या देखत कापलात. दोन तुकडे, मग चार. तिनं तुकड्यांकडं पाहिलं, मान हलवली. मला वाटलं, आता हातातला फोटोही फाडेल. तिनं तो नीट पदराखाली घातला आणि निघून गेली.

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत आणि संध्याकाळी नियम बदललात. ज्याचं तोंड त्यालाच विचारायचं. बाई असेल तर बाईला, आणि तेही ओसरीवर नाही, चुलीपाशी. चुलीपाशी तुम्हाला जाता येत नव्हतं, म्हणून मी जायला लागले. वर्तमानपत्रात गुंडाळलेले फोटो, सुटे चौकोन आणि ती कात्री पिशवीत घालून मी किती गावं हिंडले. कुणी म्हणायची, "आगं बया, मी एवढी काळी?" कुणी नवऱ्याला हाक मारायला निघायची, मी हात धरून बसवायची. कुणी नको म्हणायची, मी तिथंच कापायची. माझ्या नवऱ्याला लोक विचारायचे, मंडळी कुठं असतात हल्ली, तर तो म्हणायचा, कात्री घेऊन हिंडतात. हे सगळं झालं हिराबाईमुळं. तिचा बाजार मात्र पुन्हा सुरू व्हायला वर्ष लागलं, आणि त्या वर्षाचं आपण तिला काहीच भरून दिलं नाही.

तुम्ही भित्रे असता तर मी हे सोडून दिलं असतं. पण तुम्ही भित्रे नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गावोगाव चालल्या होत्या, तेव्हा साध्या कपड्यांतला एक साहेब दुकानात आला होता. कुठला, काय, त्यानं सांगितलं नाही. म्हणाला, तुम्ही सभेत फोटो काढत होता, पुढं कोण कोण बसलं होतं ते आम्हाला बघायचंय. तुम्ही हसून म्हणालात, "व्हय की साहेब. रोल अजून पेटीतच हाय. घ्या." आणि दुपारच्या रणरणत्या उन्हात, पायरीवर उभं राहून, कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलंत. सगळा रोल ओढून काढलात आणि त्याच्या हातावर ठेवलात. "सगळी मानसं हायती ह्यात. बघा निवांत." ऊन लागल्यावर त्यात काही उरत नाही, हे त्याला कळेपर्यंत तुमचं पाणी विचारूनही झालं होतं. तो गेल्यावर तुम्ही हळहळत होता की त्यात एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याचा लई झ्याक फोटू व्हता. अख्खा रोल तुम्ही अनोळखी माणसांसाठी उन्हात घातलात. हे मी आता का काढलं, ते ऐका.

तुम्ही गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी याकूब माझ्याकडं बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. तुमचा मुलगा तुमच्यासारखाच खाली बघून बोलतो. म्हणाला, "अब्बांनी सांगून ठिवलंय, डबा बाईंना द्या आन् न उघडता जाळाय सांगा." मला डबा माहीत होता. त्यात न सापडलेली माणसं होती. इंदापूरच्या रस्त्यावर, स्टँडवर, ट्रकच्या सावलीत तुम्ही टिपलेली आणि परत कधीच न भेटलेली. त्यांनी हो म्हटलं नव्हतं म्हणून छापायचं नाही. नको म्हटलं नव्हतं म्हणून कापायचं नाही.

डब्याची बातमी फुटली. गुळाच्या पेठेतले एक वजनदार शेठजी आले, बसले आणि म्हणाले, "सुमनबाई, जाळून टाका. त्यात आयाबायांची, लेकीसुनांची तोंडं आसतील." मी म्हटलं, शेठजी, मग लेकीसुनांना पाठवा, त्या सांगतील जाळायचं का ते. शेठजींनी चहा अर्धा टाकला. दुसऱ्या दिवशी पुण्याहून एक गृहस्थ आले, तलम धोतर, गळ्यात कॅमेरा. त्यांना प्रदर्शन भरवायचं होतं. "अस्सल गावरान चेहरे, अगदी बेसावध! हुसेनभाईंचं नाव होईल." घराचं नाव होईल, म्हणणारे सणसरचे तात्या मला आठवले. मी विचारलं, तुमच्या आईचा असा बेसावध फोटो प्रदर्शनात लावाल का? ते म्हणाले, तुम्हाला कलेतलं कळत नाही. मी म्हटलं, नसेल कळत, पण दार कळतं, ते तिकडं आहे.

दोघंही गेल्यावर मी डबा उघडला. न उघडता जाळायचा होता तर दुसऱ्या कुणाकडं द्यायचात, मला ओळखत नव्हता का? प्रत्येक चौकोन कागदात गुंडाळलेला, आत तुमच्या वाकड्या अक्षरात चिठ्ठी. "टेंभुर्णीकडं चाललेला मेंढरंवाला." "चष्म्याला दोरा बांधलेला मास्तर, सोलापूर मोटार." आणि सगळ्यांत खाली, दुमडलेल्या कागदात, "हिराबाई, सणसर."

मी चौकोन खिडकीशी धरला. मागं टाकलेली मान, मिटलेले डोळे, दाताच्या जागची फट. हजारांत ओळखेन मी तो. चिठ्ठीत खाली लिहिलं होतं, "छापायचा नाही. दाखवायचा नाही. माझ्याच्यानं कापवलं नाही."

त्या दिवशी तुम्ही कापलात तो दुसराच कुठला तरी, जास्त उजेड लागून उडालेला, टाकाऊ चौकोन. तिला कुठं कळणार होतं? निगेटिव्हमध्ये तोंड काळं, केस पांढरे, कुणीही कुणासारखं दिसतं. मला कळलं असतं. मी चार पावलांवर होते. तुकडे मी उचलून उजेडाशी धरले नाहीत, कारण कापणारे तुम्ही होता. भाई, अख्ख्या रोलावर पाणी सोडणारा तुमचा हात एका चौकोनापाशी खोटं बोलला, आणि तोही त्या बाईशी, जिनं आपल्याला शहाणं केलं. जाळायला सांगितलंत ते माणसांच्या अब्रूसाठी का तुमच्या? रात्रंदिवस मी तुम्हाला हेच विचारतेय. तुम्ही असता तर माझी पेन्सिल उचलून टोक करत बसला असता.

जाळून टाकणं सोपं होतं. कुणालाही कळलं नसतं, तुम्ही गायच राहिला असता. मी याकूबला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, अब्बांना जाऊन धा दिस न्हाय झालं. आता कशाला उकरता? लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, लोक म्हणतील हुसेन खोटं बोलला. खोटं बोललाच आहे. आपण त्याला खरं करायचं का तसाच ठेवायचा, एवढंच आपल्या हातात आहे. मग त्यानंच खिळ्यावरची कात्री काढली आणि मला दिली. त्या पोराला तुम्ही चांगलं वाढवलंय, भाई.

काल सणसरला गेले. सासरे गेले त्याला दोन वर्षं झाली. हिराबाई कालव्याच्या चारीला लागून मेथी काढत होती. मला बघितल्यावर हात धुतले, बांधावर गोणपाट अंथरलं. मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही. तुम्ही गेल्याचं सांगितलं, आणि लगेच, त्याच दमात, तुम्ही काय केलं होतं ते सांगितलं. हे सांगताना तुमची बाजू घेऊ नये असं ठरवलं होतं आणि घेतली नाही.

तिनं चौकोन आभाळाकडं धरला. "ह्ये काळं तोंड माझं?"

"ह्यात उलटं दिसतं. केस पांढरे, तोंड काळं."

"मंजी म्हातारपनी अशी दिसंन." मग म्हणाली, "कुनाकुनाला दावला?"

"कुणालाच नाही. त्यानंतर एकही कॉपी काढली नाही." मी चिठ्ठी वाचून दाखवली. तिनं ती मला पुन्हा वाचायला लावली. माझ्याच्यानं कापवलं नाही, हे शब्द तिनं स्वतःशी म्हणून पाहिले. मग हात पुढं केला. मी कात्री दिली. तिनं चौकोन कापला. दोन तुकडे, मग चार.

मी विचारलं, तेव्हा नेलेला फोटो आहे का अजून? "हाय की. ट्रंकंत हाय. कवा हसू येईनासं झालं की काढून बघती." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमास्नी गोनपाट का टाकलं ठावं हाय? चार वर्सांत सगळ्यांनी इचारलं, कुनाला हसलीस, कशाला हसलीस. तुमी येकदा बी न्हाय इचारलं." भाई, मी तेव्हाही विचारलं नाही. तिनं दिलेली मेथीची जुडी पिशवीत घातली आणि उठले. तेव्हा तिनं चार तुकडे कागदात बांधून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, ह्ये त्यास्नी द्या आन् माझा निरोप सांगा.

तुकडे मी आज सकाळी तुमच्या कबरीपाशी नेले. तुमच्या उशाशी माती उकरून पुरलेत. डबा जाळणार नाही. तुमचा शब्द मोडतेय, आणि मोडल्याचं तुम्हाला सांगतेय; तुमच्यासारखं लपवून नाही. उद्या इंदापूरचा बाजार आहे. पहिल्या मोटारीनं जाणार आहे, स्टँडवर बसणार आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारणार आहे, चष्म्याला दोरा बांधलेले मास्तर कुठले, मेंढरंवाला कुठला. एकेकाच्या हातात त्याचं तोंड देईन. सगळे सापडणार नाहीत, माहीत आहे. कात्री बरोबर असेल. कुणी खुशाल म्हणावं, बाईचं डोकं फिरलंय.

तुमच्याशिवाय बाजारात उभं राहायची सवय नाही मला. वांगी कोण घेणार, हेही ठरलेलं नाही. एवढं लिहून हात थांबलाय, तुम्ही समोर नाहीत म्हणून राग येतोय, आणि राग कमी झाला की रडू येतंय. रडताना मला कुणी बघू नये, हा तुमचाच नियम. म्हणून आता निरोप देते आणि उठते.

हिराबाईनं सांगितलंय, "त्यास्नी म्हनावं, 'माझ्याच्यानं कापवत न्हाय, हिराबाई, ठिवू का?' आसं तवाच इचारलं आसतं, तर मी ठिवा म्हनाले आसते."